स्वतः जुळवलेले पेडल दुसऱ्याच्या हातीही वाजावे म्हणून

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. गिटारचे दोन इफेक्ट, म्हणजे गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडून पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी पेडले, आपण तयार किटवरून जुळवली. पहिले लगेच वाजले, दुसरे अद्याप मुके आहे. यापुढे किट सोडून स्वतःची मांडणी, म्हणजे बोर्डावर कोणता भाग कुठे बसतो याचा नकाशा, करावी आणि ती इतर हौशी मंडळींनाही द्यावी, असे आपल्या मनात आहे. म्हणून कोणत्या सर्किटपासून आरंभ करावा, न वाजणाऱ्या पेडलमधला दोष कसा शोधावा, नामांकित पेडलांच्या आकृत्या वापरणे कितपत योग्य आहे आणि दुसऱ्याला देताना नेमके काय द्यावे, असे आपण विचारले आहे. मी हा उद्योग वीस-बावीस वर्षे करीत आलो आहे आणि माझ्या मते यांतील शेवटचा प्रश्न पहिला असायला हवा होता. जुळवताना जो मोजतो आणि मोजलेले लिहून ठेवतो, त्याला आपल्या पेडलमधला दोष लवकर सापडतो. त्याच वहीच्या जोरावर त्याची मांडणी अनोळखी माणसाच्या टेबलावरही वाजते.

आरंभ एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरपासून, म्हणजे आवाज केवळ मोठा करणाऱ्या पेडलपासून, करावा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-१ हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेला बूस्टर यासाठी आदर्श आहे, कारण त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. ट्रान्झिस्टरच्या बेस, कलेक्टर आणि एमिटर या तीन पायांपैकी बेसला पुरवठ्याकडून ४३० किलोओम आणि ग्राउंडकडे ४३ किलोओम, कलेक्टरवर १० किलोओम, एमिटरखाली ३९० ओम, आत येताना आणि बाहेर जाताना ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर आणि शेवटी १०० किलोओमचा व्हॉल्यूम, एवढाच त्याचा संसार. हे ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या फळ्यावर, मांडा, परंतु गिटार जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. पुरवठा ९ व्होल्ट असताना एमिटरवर एक-दोन दशांश व्होल्ट, बेसवर त्याहून सुमारे ०.६ व्होल्ट अधिक आणि कलेक्टरवर ४ ते ६ व्होल्टच्या दरम्यान दाब दिसला, तर ट्रान्झिस्टर कामावर रुजू झाला असे समजावे. कलेक्टर जवळजवळ ९ व्होल्टवर असेल, तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहतच नाही. तो एमिटरच्या दाबाला जाऊन टेकला असेल, तर ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा राहिला आहे. हे तीन आकडे आणि त्यांचा अर्थ एवढे कळले, तरी पुढच्या निम्म्या दोषांचे निदान हाती आलेच.

याच बूस्टरमध्ये आणखी एक धडा दडलेला आहे. कलेक्टरचा रोध भागिले एमिटरचा रोध असा ढोबळ हिशेब केला आणि ट्रान्झिस्टरचा अंतर्गत रोध धरला, तर वाढ सुमारे वीसपट येते. परंतु त्याचा प्रवेशरोध, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाच्या विजेला तो दाखवतो तो रोध, जेमतेम ३० किलोओमच्या आसपास असतो. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागात, तारेचे हजारो वेढे असतात, त्यामुळे त्याचे प्रेरकत्व (इंडक्टन्स) मोठे असते. असा स्रोत कमी प्रवेशरोधाला जोडला की वरचे सूर आधी दबतात. बूस्टर लावल्यावर आवाज मोठा झाला पण किंचित मळकट वाटला, असे जे आपल्या कानाला जाणवेल, त्याचे कारण हे आहे. त्यानंतर हीच वाढ टीएल०७२ या ऑप-अॅम्पने, म्हणजे वाढ करणाऱ्या तयार चिपने, प्रवेशाला १ मेगओम ठेवून करून पाहावी आणि दोन्ही आलटून पालटून ऐकावे. प्रवेशरोध म्हणजे काय, हे पुस्तकातील दहा पानांनी कळणार नाही इतके त्या पाच मिनिटांत कळते.

दुसरी पायरी म्हणून आपण फझचे, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करणाऱ्या इफेक्टचे, नाव घेतले आहे, आणि बहुतेकांची ओढ १९६६ साली आर्बिटरने आणलेल्या फझ फेसकडे असते. दोनच ट्रान्झिस्टर आणि मूठभर भाग असल्यामुळे ते सोपे भासते, तसे ते नाही. मूळ जर्मेनियम ट्रान्झिस्टरांमध्ये गळती असते, ती तापमानाबरोबर वाढते आणि एकाच क्रमांकाच्या दोन नगांत कमालीचा फरक निघतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ४.५ व्होल्टच्या आसपास दाब मिळेपर्यंत रोध बदलत बसावे लागते. थंड सकाळी जुळवलेले पेडल तापलेल्या रंगमंचावर गुदमरते. म्हणून पहिला फझ सिलिकॉनचा करावा. आवाज थोडा अधिक धारदार येईल, परंतु तो रोज सारखाच येईल.

जर्मेनियमचा मोह आवरलाच नाही, तर एक सावधगिरी सांगून ठेवतो. जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर बहुधा पीएनपी जातीचे असतात आणि मूळ सर्किटात पुरवठ्याची धन बाजू ग्राउंडला असते. असे पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अॅडॅप्टरच्या माळेत जोडले, तर एका पेडलची धन बाजू आणि दुसऱ्याची ऋण बाजू गिटारच्या केबलच्या वेष्टनातून एकमेकींना भिडतात आणि अॅडॅप्टर थेट शॉर्ट होतो. मी हे स्वतः केले आहे. अॅडॅप्टर अर्ध्या मिनिटात हाताला चटका बसेल इतका तापला होता. असे पेडल स्वतंत्र बॅटरीवर चालवावे आणि त्याच्या डबीवर तसे ठळक लिहावे. फझ फेसविषयी आणखी एक: त्याचा प्रवेशरोध अतिशय कमी आहे आणि इथे तो दोष नसून गुण आहे. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज स्वच्छ होत जातो तो त्याच्याचमुळे. आधीच्या धड्याने प्रभावित होऊन आपण गिटार आणि फझ फेस यांच्यामध्ये बफर, म्हणजे मोठ्या प्रवेशरोधाचे मधले सर्किट, लावाल, तर ही गंमत नाहीशी होईल.

तिसरे सर्किट ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलच्या घराण्यातले घ्यावे, आणि इथे मात्र घाई करू नये, कारण शिकण्यासारखे सर्वांत जास्त इथेच आहे. ऑप-अॅम्पच्या प्रतिपोषणाच्या (फीडबॅकच्या) वाटेवर दोन सिलिकॉन डायोड परस्परविरुद्ध दिशांनी बसवलेले असतात. संकेत (सिग्नल) लहान असेतो ते गप्प राहतात, संकेत वाढून ०.६ व्होल्टच्या आसपास पोहोचला की ते वाहू लागतात आणि लाटेची शिखरे गोलसर दबतात. त्याच वाटेवर ५१ किलोओम आणि ५०० किलोओमचे ड्राइव्ह पोटेन्शिओमीटर एकापुढे एक असतात, तर ग्राउंडच्या बाजूला ४.७ किलोओम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड. त्यामुळे डायोड वाहू लागण्याआधीची वाढ सुमारे १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत बदलता येते, आणि ४.७ किलोओम व ०.०४७ मायक्रोफॅरड या जोडीमुळे ही पूर्ण वाढ ७२० हर्ट्झच्या वरच मिळते, खालचे सूर तुलनेने मोकळे सुटतात. या पेडलचा जो मधल्या सुरांचा उठाव प्रसिद्ध आहे, त्याचा मोठा वाटा या दोन छोट्या भागांचा आहे. ०.०४७ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरड लावला की ती सीमा सुमारे ३४० हर्ट्झवर उतरते आणि आवाज भरदार, प्रसंगी गिचमिड होतो. दोन सिलिकॉन डायोडांच्या जागी दोन लाल एलईडी लावले, तर ते १.७ व्होल्टच्या आसपास उघडतात, म्हणून आवाज मोठा आणि मोकळा येतो. जर्मेनियम लावले, तर लवकर दबतो. ब्रेडबोर्डवर हे बदल क्षणात होतात. प्रत्येक बदलाची एक ओळ वहीत लिहावी: काय काढले, काय लावले, कानाला काय वाटले. चिप कोणती, जुनी की नवी, यावर रात्र-रात्र वाद घालणारी माणसे आपल्याला भेटतील. माझ्या कानाला या सर्किटात चिपपेक्षा कपॅसिटर बदलल्याचा फरक कितीतरी अधिक जाणवतो.

वीजपुरवठ्याबाबत रूढ पद्धत पाळावी: ९ व्होल्ट डीसी, २.१ मिलिमीटरचा सॉकेट, मधला पिन ऋण. वाटेवर १एन५८१७ हा शॉटकी डायोड ठेवला, तर उलटा अॅडॅप्टर लागूनही काही जळत नाही आणि दाब केवळ दोन-तीन दशांश व्होल्टने उतरतो. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये मात्र या अनुभवाच्या बळावर हात घालू नये. तिथे तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरांत टिकून राहू शकतात.

आता दोष शोधण्याविषयी. न वाजणारे पेडल समोर आले की बहुतेक जण सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन सगळे जोड पुन्हा तापवू लागतात. त्याने कधी दोष जातो, कधी एकाचे तीन दोष होतात, आणि नेमके काय बिघडले होते ते कधीच कळत नाही. आयर्न बंद ठेवावे. फूटस्विच दाबून इफेक्ट बंद असताना गिटारचा साधा आवाज जातो का, हे आधी पाहावे. जात नसेल, तर दोष जॅक, स्विच किंवा त्यांच्या तारांत आहे आणि बोर्ड तूर्त निर्दोष मानावा. साधा आवाज जात असेल, तर बोर्डावरील पुरवठा मोजावा आणि मग प्रत्येक चिपचा प्रत्येक पिन. आठ पिनांच्या दुहेरी ऑप-अॅम्पमध्ये आठव्या पिनवर पुरवठा, चौथ्यावर शून्य आणि उरलेल्या सहांवर साधारणपणे पुरवठ्याच्या निम्मा दाब अपेक्षित असतो.

इथे नवख्याला हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. समजा तिसऱ्या पिनला अर्धा दाब ५१० किलोओममधून दिला आहे. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओम असेल, तर तिथे ४.५ ऐवजी ४.३ व्होल्ट दिसतील. मीटर १ मेगओमचा असेल, तर ३ व्होल्टच दिसतील. पिन ठीकच आहे, मोजण्याच्या क्रियेनेच दाब खाली ओढला गेला. अशा वेळी दुहेरी चिपच्या त्याच अर्ध्या भागाचा पहिला, म्हणजे आवाज बाहेर देणारा पिन पाहावा, तो ४.५ च्या जवळ असेल, तर निश्चिंत व्हावे. या एका गैरसमजापायी धडधाकट चिपा काढून फेकलेल्या मी पाहिल्या आहेत.

दाब योग्य असूनही आवाज नसेल, तर ध्वनिशोधक करावा. एका जुन्या गिटार केबलचे एक टोक कापावे, वेष्टनाच्या तारेला चिमटा लावून तो सर्किटाच्या ग्राउंडला जोडावा आणि मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करून त्याचा मोकळा पाय सुईसारखा वापरावा. केबलचे दुसरे टोक अॅम्प्लिफायरमध्ये, त्याचा व्हॉल्यूम अगदी कमी. पेडलच्या प्रवेशाला गिटार किंवा फोनवरील एखादे गाणे द्यावे आणि आकृती समोर ठेवून, संकेत ज्या वाटेने जायला हवा त्याच वाटेने सुई टेकवत पुढे जावे. जिथे आवाज शेवटचा ऐकू आला आणि जिथे पहिल्यांदा नाहीसा झाला, त्या दोन बिंदूंच्या मध्ये दोष आहे. आपल्याला मुक्या किटपुढे बसण्यात किती संध्याकाळी गेल्या ते आपण लिहिलेले नाही, परंतु या उपायाने तो दोष बहुधा एका बैठकीत सापडेल.

सापडतात ते दोषही ठराविकच असतात. स्ट्रिपबोर्डावर, म्हणजे तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेल्या बोर्डावर, दोन पट्ट्यांच्या मध्ये केसासारखा तांब्याचा कण राहून जातो. प्रत्येक दोन पट्ट्यांमधून चाकूचे टोक एकदा ओढावे. रेझिस्टरवर तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओम आणि तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओम, आणि पिवळसर दिव्याखाली लाल-नारिंगी सारखेच दिसतात. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा बसतो. आणि उघडे असताना वाजणारे पेडल झाकण लावताच मुके होते, तेव्हा जॅकची पाती किंवा बोर्डाची खालची बाजू अॅल्युमिनियमच्या डबीला टेकलेली असते.

इतरांच्या आकृत्यांविषयी आपण विचारले ते चांगले केले, कारण या छंदात हा विषय बरेच जण टाळतात. मी कायद्याचा जाणकार नाही, परंतु सर्वसाधारण चित्र असे आहे. पेटंटची मुदत बहुतेक देशांत अर्ज केल्यापासून २० वर्षांची असते, म्हणून १९६० आणि १९७० च्या दशकांतील सर्किटांवर तो अडसर आता उरलेला नाही. पेडलचे नाव आणि बोधचिन्ह यांचे हक्क मात्र जिवंत असतात, तसेच कोणी स्वतः काढलेले मांडणीचे चित्र, लिहिलेला मजकूर आणि डबीवरील कलाकृती यांवर त्या व्यक्तीचा अधिकार असतो. तेव्हा जुन्या सर्किटावरून स्वतःची मांडणी नव्याने काढावी, मूळ पेडलचा स्पष्ट उल्लेख करावा आणि आपल्या पेडलला आपले नाव द्यावे. दुसऱ्या हौशी माणसाची मांडणी घेऊन तिच्या कोपऱ्यातील त्याचे नाव खोडणे याला मी चोरीच म्हणतो.

याच्या पलीकडे शिष्टाचाराचा एक प्रश्न उरतो. काही छोटे कारागीर बोर्डावर काळा राळेचा थर ओततात, आणि तो खरवडून आतले सर्किट उकलणारेही असतात. मोठ्या कंपनीच्या जुन्या पेडलबाबत मला त्यात गैर वाटत नाही. परंतु एखादा माणूस एकट्याने बनवून आज विकत असलेल्या पेडलचे सर्किट मी उकललेच, तर ते स्वतःपुरते ठेवतो. हा माझा नियम आहे. सगळ्यांना तो मान्य नाही.

शेवटी, द्यायचे काय. अनेक वर्षांपूर्वी मी एका दोन-ट्रान्झिस्टरच्या फझची मांडणी काढली, जुळवली, ती उत्तम वाजली, आणि मी ती इतरांना दिली. यादीत ट्रान्झिस्टर लिहिला होता २एन५०८८. पंधरवड्यात तक्रारी आल्या: कोणाचे पेडल वाजेना, कोणाचे मरतुकडे वाजे, आणि दोघा-तिघांचे झकास. मी माझे पेडल पुन्हा उघडले तेव्हा आत बीसी ५४९ निघाला. त्या दिवशी पेटीत २एन५०८८ नव्हता, म्हणून हाताशी होता तो लावला आणि मांडणीतील खुणाही त्याच्याच पायांप्रमाणे काढल्या. यादी मात्र जुनीच राहिली. सपाट बाजू समोर धरली, तर बीसी ५४९ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन५०८८ चे नेमके उलट. बेस दोन्हीकडे मध्येच असल्यामुळे उलटा बसलेला ट्रान्झिस्टरही नाममात्र वाढ देत राहतो. मरतुकडी पेडले होती ती याच कारणाने, आणि त्यांतल्या एकाने तर तो आवाज फझचा स्वभाव समजून महिनाभर वाजवला होता. ज्याने मला कलेक्टरचा दाब मोजून कळवला, त्याच्या एका आकड्यावरून हे सगळे उलगडले. मी माझे आकडे मांडणीबरोबर दिले असते, तर कोणालाच विचारावे लागले नसते.

तेव्हापासून मी सर्किटाची आकृती आणि मांडणी वेगवेगळी देतो, कारण मांडणीतील चूक आकृतीशी ताडूनच पकडता येते. भागांच्या यादीत ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम आणि पोटेन्शिओमीटर रेषीय की लॉगॅरिदमिक हे लिहितो. पुरवठ्याचा प्रत्यक्ष दाब नोंदवून त्याखाली प्रत्येक चिपच्या आणि ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक पायावरील दाबाचे कोष्टक देतो, ९.४ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर घेतलेले आकडे ८.६ व्होल्टच्या बॅटरीशी जुळणार नाहीत, म्हणून पहिला आकडा महत्त्वाचा. डबीला भोके पाडण्याच्या नकाशावर ५० मिलिमीटरची एक रेघ काढतो, म्हणजे छपाईत माप बदलले तर पट्टी ठेवताच कळते. कोपऱ्यात तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. आणि 'पडताळलेले' हा शब्द मी त्याच मांडणीवर लिहितो जी छापील कागद पुढ्यात घेऊन, माझ्या आठवणीवर विसंबून न राहता, पहिल्यापासून पुन्हा जुळवलेली आहे. दुसऱ्या कोणी ती जुळवून दाखवली, तर उत्तमच. छापील सर्किट बोर्डाची फाइल देणार असाल, तर थोडे नग आधी मागवून त्यातला एक स्वतः भरून पाहिल्याखेरीज देऊ नये. पडद्यावर बिनचूक दिसणाऱ्या बोर्डावर जॅकची भोके लहान निघाल्याचा अनुभव मला आहे. वापराच्या अटी एका वाक्यात लिहाव्यात: वैयक्तिक वापर मोकळा आहे का, थोडे नग विकण्यास हरकत आहे का. ज्याला दुरुस्ती सुचते त्याचे नाव पुढच्या आवृत्तीत टाकावे.

आपल्या मुक्या किटविषयी अधिक सांगायचे, तर माझ्याजवळ आकडे हवेत. इफेक्ट बंद असताना आवाज जातो का, बोर्डावर पोहोचलेला पुरवठा किती, चिपच्या आठही पिनांवर किती व्होल्ट, आपला मीटर किती मेगओमचा आहे आणि ध्वनिशोधकाने आवाज आकृतीतील कोणत्या भागापर्यंत ऐकू येतो, एवढे लिहून पाठवावे. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढलेले असावे, म्हणजे रेझिस्टरांचे पट्टे वाचता येतील.